वेस्टर्न ब्लॉट : रक्ताची उलटतपासणी



आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण रेडिओचा आवाज कमी करतील, म्हणून नाव जरा उशिरा सांगतो. आधी एक प्रश्न विचारतो. नोकरीसाठी अमिरातीत आलेल्या आपल्यापैकी असं कोणी आहे का, ज्याने इथे कधी रक्त दिलेलं नाही? रक्तदान म्हणत नाही मी. व्हिसाच्या मेडिकलचं रक्त म्हणतोय. टायपिंग सेंटरमधून अर्ज करायचा, टोकन घ्यायचं, नंबर लागला की बाही वर करायची, मग छातीचा एक्स-रे काढायचा आणि मोबाइलवर निरोप येण्याची वाट बघायची. नवीन आलेला गवंडी असो, बँकेतला व्यवस्थापक असो की आपल्या घरी मुलं सांभाळणारी ताई असो, ही रांग कोणाला चुकत नाही. व्हिसाचं नूतनीकरण आलं की पुन्हा तेच.

त्या रक्तात काय बघतात हेही आपल्याला ठाऊक असतं, फक्त आपण बोलत नाही. एचआयव्ही बघतात. ज्याला एचआयव्हीची लागण असल्याचं पक्कं होतं, त्या परदेशी माणसाला इथे निवासी व्हिसा मिळत नाही. त्याला परत जावं लागतं. म्हणजे एका नळीभर रक्तावर नोकरी, घरभाडं, मुलांची शाळा आणि गावाकडचं कर्ज हे सगळं तोललेलं असतं. मग ती चाचणी नेमकी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आपल्याला नको का कळायला?

मी डॉक्टर नाही. मी आयटी कन्सल्टंट आहे, एमबीए केलेला, आणि प्रयोगशाळेचा पांढरा कोट मी फक्त दारातून पाहिलाय. पण माझ्या कामात एक गोष्ट रोज असते. यंत्रणा ओरडते, ‘धोका, धोका’, आणि आम्ही ठरवतो की तो धोका खरा आहे की घंटा उगाच वाजली. वैद्यकशास्त्रानेही यावर एक फार सुंदर उपाय शोधला होता. त्याचं नाव वेस्टर्न ब्लॉट. सांगितलं नाव. आता आवाज कमी करू नका, गंमत पुढेच आहे.

आधी नावाची गोष्ट. १९७५ मध्ये ब्रिटनमधले शास्त्रज्ञ एडविन सदर्न यांनी डीएनएचे तुकडे वेगळे करून एका पापुद्र्यावर टिपून घ्यायची पद्धत प्रसिद्ध केली. टीपकागदाने शाई टिपावी तशी. म्हणून तिला म्हणू लागले ‘सदर्न ब्लॉट’. सदर्न हे बिचाऱ्यांचं आडनाव, दक्षिणेशी काही संबंध नाही. दोन वर्षांनी अमेरिकेत तशीच पद्धत आरएनएसाठी निघाली, तेव्हा थट्टेने तिला ‘नॉर्दर्न’ म्हटलं गेलं. मग प्रथिनांची पाळी आली. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला हॅरी टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनं विजेच्या साहाय्याने पापुद्र्यावर उतरवून दाखवली. त्याच सुमारास अमेरिकेत सिअ‍ॅटलला नील बर्नेट तशाच वाटेने चालले होते. सिअ‍ॅटल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीला ‘वेस्टर्न’ नाव दिलं. त्यांचा शोधनिबंध आधी नाकारला गेला. पण त्याच्या फोटोप्रती हातोहात फिरल्या, आणि १९८१ मध्ये तो छापून आला तोवर नाव रूढ झालं होतं.

आता ही पद्धत चालते कशी? चार पायऱ्या आहेत. स्वयंपाकघरातून बाहेर न पडता सांगतो.

पहिली पायरी, वेगळं करणं. विषाणू फोडला की त्यातून निरनिराळी प्रथिनं निघतात. काही लहान, काही मोठी. ती साबणासारख्या एका रसायनात उकळतात. त्याने प्रथिनांच्या गुंडाळ्या सुटतात आणि सगळ्यांवर ऋण विद्युतभार चढतो. मग त्यांना चायना ग्रासच्या जेलीसारख्या दिसणाऱ्या एका थरात, वरच्या टोकाला सोडतात आणि वीज लावतात. सगळी धन टोकाकडे पळत सुटतात. पण जेलीत जाळी असते. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर गर्दीत लहान पोर माणसांच्या पायांतून सुळकन पुढे जातं आणि मोठी बॅग घेतलेला माणूस मागे अडकतो ना, तसंच इथे होतं. लहान प्रथिनं पुढे, मोठी मागे. थोड्या वेळाने सगळी आपापल्या आकारमानाप्रमाणे ओळीत लागतात.

दुसरी पायरी, टिपणं. जेली नाजूक, हातात धरवत नाही. म्हणून तिच्यावर एक चिवट पापुद्रा ठेवतात आणि पुन्हा वीज देऊन सगळी प्रथिनं, त्याच क्रमाने, त्यावर उतरवून घेतात. छापा घेतल्यासारखं.

तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते. पापुद्र्यावरची उरलेली रिकामी जागा झाकायची असते, नाहीतर पुढे घालू ते सगळीकडे चिकटेल. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा काय वापरतात? साय काढलेल्या दुधाची पावडर. कोट्यवधींची यंत्रं आणि शेजारी दुधाची पावडर!

चौथी पायरी, साक्ष. त्या पापुद्र्याच्या पट्टीवर तपासायच्या माणसाच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, सोडतात. आपल्या शरीरात एखादा विषाणू शिरला की शरीर त्याच्या प्रत्येक प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करतं. कुलपाला किल्ली तशी. ती प्रतिपिंडं रक्तात असतील, तर पट्टीवरच्या आपापल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. नसतील, तर पट्टी धुतल्यावर काहीच उरत नाही. मग दुसरं एक प्रतिपिंड सोडतात, जे माणसाच्या प्रतिपिंडाला धरतं आणि रंग आणतं. आणि पट्टीवर रेघा उमटतात.

त्या रेघांना नावं आहेत. एचआयव्हीच्या पट्टीवर पी-२४ म्हणजे विषाणूच्या गाभ्याचं प्रथिन. जीपी-४१, जीपी-१२० आणि जीपी-१६० ही त्याच्या आवरणाची प्रथिनं. अमेरिकेत १९८९ पासून ठरलेला नियम असा होता की, पी-२४, जीपी-४१ आणि १२० किंवा १६० यांपैकी किमान दोन रेघा दिसल्या तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं. एकही रेघ नसेल तर ‘निगेटिव्ह’. आणि अधलंमधलं काही दिसलं, एखादीच रेघ, फिकट, तर उत्तर ‘अनिर्णित’. काही आठवडे थांबा, पुन्हा रक्त घ्या. ‘अजून सांगता येत नाही’ असं लिहून देणारा अहवाल मला फार प्रामाणिक वाटतो. ऑफिसात असा एखादा अहवाल दिला तर काय होईल, याची कल्पना तुम्हाला असेलच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? एलायझा नावाची साधी, स्वस्त चाचणी होती की. होती, आणि चांगली होती. पण पहिली चाचणी मुद्दाम संशयी बनवलेली असते. एकही बाधित माणूस निसटू नये, हे तिचं काम. मग ती कधीकधी निरोगी माणसावरही बोट दाखवते. इथे मी समजुतीसाठी आकडे घेतो, ते कुठल्या देशाचे नाहीत. समजा १०,००० माणसं तपासली आणि त्यांत खरोखर बाधित १० आहेत. चाचणीने दहाही पकडले. शाब्बास! पण उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी दर हजारी फक्त ५ जणांच्या बाबतीत ती चुकली, तर किती झाले? जवळजवळ ५०. म्हणजे एकूण ६० जणांचा अहवाल लाल आला आणि त्यांतले ५० निर्दोष! चाचणी हजारातल्या ९९५ निरोगी माणसांना बरोबर ओळखते, तरीही लाल अहवाल मिळालेल्या सहांपैकी पाच माणसं निरोगी. हे गणित एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही पहिल्या अहवालाकडे बघायची नजर बदलते.

मग त्या ६० जणांची तीच चाचणी पुन्हा करायची का? तेवढ्याने भागत नाही. ज्या कारणाने पहिल्यांदा फसली, त्याच कारणाने दुसऱ्यांदाही फसू शकते. बँकेत काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असतो. एकाच माणसाने दोनदा सही केली तर तिला तपासणी म्हणत नाहीत. दुसरी चाचणी वेगळ्या रीतीने विचार करणारी हवी. एलायझा सगळी प्रथिनं एकत्र ठेवून विचारते, ‘कोणी ओळखीचं आहे का?’ वेस्टर्न ब्लॉट एकेका प्रथिनाला वेगळं उभं करून विचारतो, ‘याला ओळखतोस? आणि याला?’ साक्षीदाराची उलटतपासणीच ती. म्हणूनच १९८७ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीसाठी वेस्टर्न ब्लॉटला परवाना मिळाला आणि पुढे कित्येक वर्षं शेवटचा शब्द त्याचाच राहिला.

पण भारतात त्याचा शब्द त्याच्याही आधी, १९८६ मध्येच कामी आला होता. आणि त्यामागे एक मराठी आडनाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

डॉ. सुनीती सॉलोमन. माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारातलं महाराष्ट्रीय कुटुंब, पण घर मद्रासला. आठ भावंडांत ही एकटी मुलगी. म्हणजे आपल्यासारखंच महाराष्ट्राबाहेर वाढलेलं मराठी घर. हृदयशल्यविशारद डॉ. सॉलोमन व्हिक्टर यांच्याशी लग्न झालं, परदेशात शिक्षण-अनुभव घेऊन त्या परत आल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तेव्हा एड्स हा अमेरिकेतला आजार, आपल्याकडे कसा येईल, अशीच सर्वांची समजूत. सुनीतीबाईंनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. निर्मला तेव्हा ३२ वर्षांच्या. हातात धड साधनं नाहीत. महिला सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांकडून त्यांनी ८० हून अधिक नमुने गोळा केले आणि ते चक्क घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, कारण दुसरी सोय नव्हती. फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाच्या डब्यात नमुने भरून, नवऱ्याच्या सोबतीने, रात्रीच्या गाडीने त्या काटपाडीला आणि तिथून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचल्या. तिथे एलायझा होती. सहा नमुने पिवळे झाले.

आता पुढे काय झालं ते नीट ऐका, कारण माझं आजचं सगळं म्हणणं त्यात आहे. पिवळा रंग बघून कोणी पत्रकार परिषद बोलावली नाही. आधी तीच चाचणी पुन्हा केली. पुन्हा पिवळा. मग सुनीतीबाई आणि निर्मला परत त्या सुधारगृहात गेल्या आणि त्या सहा जणींचं नव्याने रक्त घेतलं, कारण नळ्यांची अदलाबदलही होऊ शकते. आणि मग नमुने अमेरिकेला गेले, वेस्टर्न ब्लॉटसाठी. रेघा उमटल्या, तेव्हा कुठे सरकारला कळवलं गेलं आणि मे महिन्यात तामिळनाडूच्या विधानसभेत ते जाहीर झालं. देशाला हादरवणारी बातमी हातात असताना त्या बाई दुसऱ्या साक्षीदारासाठी थांबल्या.

त्या सहा जणींची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. रक्त कशासाठी घेतलं जातंय हे त्यांना सांगितलं गेलं नव्हतं. विज्ञान पक्कं होतं, पण माणसाला विचारायची रीत अजून यायची होती. ती कायद्यात यायला २०१७ साल उजाडलं. त्या वर्षी झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भारतात चाचणीआधी संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक केली. सुनीतीबाईंनी मात्र १९९३ मध्येच मद्रासला वडिलांच्या नावाने, म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने, केंद्र सुरू केलं होतं. जिथे इतर दवाखाने दार लावून घेत, तिथे एचआयव्ही असलेल्या माणसाला दार उघडं असायचं. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळं आहे. मागे माझ्या एका सहकाऱ्याच्या भाच्याचा सांगली जिल्ह्यातून फोन आला. शारजात नोकरी ठरलेली, तिकीट काढायचं बाकी. इथलं मेडिकल माहीत असल्यामुळे त्याने आधीच खासगीत रक्त तपासून घेतलं होतं. कागदावर शब्द होता ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. ‘काका, संपलं ना सगळं?’ असं म्हणाला तो. मी त्याला कागदाचा फोटो पाठवायला सांगितला. अगदी खाली, बारीक अक्षरात, इंग्रजीत ओळ होती की, निष्कर्षासाठी पुष्टीची चाचणी आवश्यक. ती ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती. तोवर आईने त्याचं ताट वेगळं केलं होतं.

त्याला सिव्हिल हॉस्पिटलच्या सरकारी तपासणी केंद्रात पाठवलं. तिथे आधी समुपदेशन झालं, मग तपासणी, फुकट आणि गुप्त. निकाल आला, लागण नाही. मुलगा आज शारजात आहे, व्यवस्थित आहे. पण मला निकालापेक्षा त्या ताटाचं जास्त वाटतं. समजा निकाल उलटा आला असता, तरी ताट वेगळं करायचं काहीच कारण नव्हतं. एकत्र जेवल्याने, एका घरात राहिल्याने, मिठी मारल्याने एचआयव्ही पसरत नाही. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. माणूस काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो. इथला व्हिसा गेला तर एक दार बंद होतं, हे खरं आहे आणि त्याची झळ मी कमी लेखत नाही. पण ते दार म्हणजे आयुष्य नव्हे. आणि घराचं दार तर आपल्याच हातात असतं.

शेवटी तंत्राचं काय झालं ते सांगतो, नाहीतर कोणी डॉक्टर श्रोता मला पकडेल. एचआयव्हीच्या निदानातून वेस्टर्न ब्लॉट आता निवृत्त होतोय. तो महाग, वेळखाऊ, आणि रेघ फिकट की गडद हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. शिवाय लागण नवीन असेल तर नव्या चाचण्या त्याच्याआधी ती पकडतात. अमेरिकेने २०१४ मध्ये त्याला आपल्या शिफारशीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तो सोडून नव्या चाचण्यांकडे वळायला सांगितलं. भारतात सरकारी केंद्रांत लक्षणं नसलेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात. साधन बदललं, पण तत्त्व तेच राहिलं. एका साक्षीवर शिक्षा नाही. आणि संशोधनाच्या प्रयोगशाळांत वेस्टर्न ब्लॉट अजून जोरात आहे. कर्करोगापासून मेंदूच्या आजारांपर्यंत कुठलं प्रथिन वाढलंय नि कुठलं घटलंय हे बघायला तो रोज लागतो. तुमच्या घरातलं कोणी जैवतंत्रज्ञान शिकत असेल तर विचारा, पट्टी बिघडली म्हणून त्याने किंवा तिने एक तरी रात्र जागून काढलेली असेल.

तर मंडळी, तीन गोष्टी गाठीला बांधा. एक, गावाकडून कोणी इथे नोकरीला येणार असेल तर निघण्याआधीच सरकारी केंद्रात तपासून घ्यायला सांगा. भारतात १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. दोन, ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ ‘पुढे तपासा’ एवढाच आहे. मेडिकलनंतर पुन्हा बोलावलं तर जा, घाबरून टाळू नका आणि कागदावरची शेवटची बारीक ओळसुद्धा वाचा. तीन, कुणाचाही निकाल आपल्या कानावर आला तर तो पुढच्या कानाला देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आपल्या इमारतीत, आपल्या मंडळात बातमी पसरायला एक चहा पुरतो, आणि ती मागे घ्यायला आयुष्य पुरत नाही.

पुढच्या वेळी मेडिकलला बाही वर कराल तेव्हा गायतोंड्यांच्या लेकीची आठवण काढा.